वाचकांचे प्रश्न : वैमानिकांची कॉलसाइन आणि टोपणनावं

जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाची प्रात्यक्षिकं झाली. सूर्यकिरणची विमानं आणि सारंगची हेलिकॉप्टरं पाहिलेल्या वाचकांकडून तेव्हापासून एकाच विषयावर पत्रं येत आहेत: लष्करी वैमानिकांना नावं कोण देतं आणि कशी? त्यांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (गिरगाव) : चित्रपटांत लढाऊ वैमानिक रेडिओवर एकमेकांना टोपणनावानं हाक मारतात. प्रत्यक्षातही असंच असतं का?

बहुतेक वेळा नाही. कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर हाक मारायचं नाव, उड्डाणाचं असतं आणि टोपणनाव माणसाचं, हा फरक आधी लक्षात घ्यावा.

ब्रीफिंगच्या वेळी चार विमानांच्या फॉर्मेशनला एक शब्द ठरवून दिला जातो. समजा, तो ‘कोब्रा’ आहे. लीडर कोब्रा वन, त्याचा विंगमन, म्हणजे जोडीचा साथीदार, कोब्रा टू, दुसऱ्या जोडीचा प्रमुख कोब्रा थ्री आणि त्याचा विंगमन कोब्रा फोर. हाच फोर दुपारच्या उड्डाणात ‘मस्टँग टू’ असू शकतो. आकड्यावरून जागाही कळते आणि कामही कळतं. टूनं लीडरच्या मागची बाजू सांभाळायची, थ्रीनं गरज पडली तर फॉर्मेशनची सूत्रं हाती घ्यायची. रडारसमोर बसलेल्या नियंत्रकाला आत कोण बसलंय हे माहीत असण्याची गरज नसते. थ्री कुठे आहे आणि थ्रीला काय सांगायचं, एवढं कळलं की त्याचं काम होतं.

फ्रीक्वेन्सी बदलली की लीडर ‘कोब्रा चेक’ म्हणतो. बाकीचे क्रमानं फक्त ‘टू’, ‘थ्री’, ‘फोर’ एवढंच म्हणतात. टूनंतर शांतता पसरली, तर थ्रीचा रेडिओ चुकीच्या फ्रीक्वेन्सीवर आहे किंवा बंद पडलाय, हे दोन सेकंदांत समजतं. मग लीडर आधीच्या फ्रीक्वेन्सीवर जाऊन त्याला घेऊन येतो.

तातडीच्या आदेशात कॉलसाइन आधी येतं आणि कृती नंतर: ‘कोब्रा टू, ब्रेक राइट’. फक्त ‘ब्रेक राइट’ म्हटलं, तर त्या फ्रीक्वेन्सीवरचे सगळेच वळतील किंवा कुणीच वळणार नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगानं जाणारं विमान सेकंदाला २५० मीटर कापतं. ‘कुणाला म्हणालास?’ असं विचारण्यात दोन सेकंद गेले, तर अर्धा किलोमीटर मागे पडला. म्हणून एका फ्रीक्वेन्सीवरच्या दोन फॉर्मेशनना ‘कोब्रा’ आणि ‘कॉन्डॉर’ अशी सारख्या सुरुवातीची नावं देत नाहीत. युद्धकाळात हे शब्द वारंवार बदलतात, नाहीतर शत्रू नुसतं ऐकून कोणती तुकडी कुठे आहे याचा माग काढतो.

माणसाच्या नावावरून थेट कॉलसाइन पडल्याचीही उदाहरणं आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विंग लीडर आपल्या विमानावर नावाची आद्याक्षरं रंगवत. डग्लस बॅडर यांची आद्याक्षरं डी आणि बी, म्हणून रेडिओवर ते ‘डॉग्जबॉडी’ झाले. सोव्हिएत हवाई दलानं दुसरी वाट धरली. तिथे शब्द न वापरता वैमानिकाला आकडा दिला जाई.

मात्र ऐन झटापटीत तोंडून ओळखीचंच नाव निघतं. १४ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी सेबर विमानांनी श्रीनगरच्या तळावर हल्ला केला, तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी नॅट विमान घेऊन त्यांना तोंड दिलं. त्यांच्या जोडीचे लीडर घुमन ‘जी-मॅन’ म्हणून ओळखले जात. सेखोंच्या अखेरच्या रेडिओ संदेशात हेच नाव होतं. स्वतः सेखोंना स्क्वॉड्रनमध्ये सगळे ‘ब्रदर’ म्हणत. परमवीरचक्र मिळालेले हवाई दलातले ते एकमेव अधिकारी आहेत आणि त्यांचं हे साधं टोपणनाव त्या इतिहासाचा भाग झालं आहे.

प्रश्न (मुलुंड) : माझा मुलगा एनडीएच्या परीक्षेची तयारी करतोय. स्वतःसाठी एक झकास नाव त्यानं आत्ताच ठरवून ठेवलंय. हवाई दलात ते चालेल का?

नाही चालणार, आणि त्यानं ते कुणाला सांगूही नये. टोपणनाव दुसऱ्यांनी द्यायचं असतं, ही जगभरच्या हवाई दलांची रीत आहे. स्वतःचं नाव घेऊन आलेल्या नवख्याला हमखास त्याच्या उलट काहीतरी चिकटवतात.

अमेरिकी स्क्वॉड्रनमध्ये हे बरंच विधिपूर्वक चालतं. नवा वैमानिक आल्यावर त्याला लगेच नाव मिळत नाही. काही आठवडे सगळे त्याला पारखत असतात. मग एका संध्याकाळी बैठक भरते. नवख्याला बाहेर काढतात आणि ज्याला सुचेल तो नाव आणि त्यामागचा किस्सा मांडतो. किस्सा रंगवायला मुभा असते, पण त्यात किमान दहा टक्के सत्य हवं, असा संकेत आहे. ज्या नावाला सर्वांत मोठा गलका होतो ते ठरतं. कमांडिंग अधिकारी नको म्हणाला तर ते बाद. त्या नावानं प्रत्यक्ष युद्धात उड्डाण झालं की ते सहसा बदलत नाहीत.

नावं येतात त्या वाटा मोजक्याच. पहिली वाट आडनावाची. ब्रिटिश सैन्यात मिलर (गिरणीवाला) आडनावाचा प्रत्येक जण ‘डस्टी’ (धुळीनं माखलेला) आणि व्हाइट (पांढरा) आडनावाचा प्रत्येक जण ‘चॉकी’ (खडूसारखा), हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. दुसरी वाट रूप, वय किंवा आधीचा पेशा यांची. व्यापारी जहाजावर काम करून आलेले ब्रिटिश हवाई दलातले मलान ‘सेलर’ झाले. हाताखालच्या पोरांपेक्षा वयानं मोठे असलेले अमेरिकी मरीन वैमानिक बॉइंग्टन ‘पॅपी’ झाले. तिसरी वाट चुकीची, आणि सर्वांत जास्त नावं तिथूनच येतात: उतरताना चाकं बाहेर काढायला विसरणं, चुकीच्या धावपट्टीकडे वळणं, रेडिओचं बटण दाबलेलं राहून खासगी बोलणं सगळ्यांना ऐकू जाणं. चौथी वाट स्वभावाची.

आपल्याकडे अशी बैठक भरलीच पाहिजे असा दंडक नाही. नाव बऱ्याचदा खडकवासल्याला एनडीएमध्ये किंवा दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत कोर्समेट पाडतात आणि तेच पुढे स्क्वॉड्रनमध्ये येतं. परंपरा जुनी आहे. भारतीय हवाई दलाचे दुसऱ्या महायुद्धातले नामवंत वैमानिक करुण कृष्ण मजुमदार ‘जंबो’ होते. मे १९४८ मध्ये लेहच्या कच्च्या पट्टीवर डकोटा उतरवणारे एअर कमोडोर मेहर सिंग ‘बाबा’ होते. आडनाव आखूड करण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. कुलकर्णींचा ‘कुल’ आणि जोशींचा ‘जोश’ होणं कुणी टाळू शकत नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत टोपणनावापुढे ‘सर’ लागतं. म्हणजे जवळीकही राहते आणि मानही राहतो.

या नावाचा खरा उपयोग उड्डाणानंतरच्या डीब्रीफमध्ये, म्हणजे आढाव्याच्या बैठकीत, होतो. तिथे प्रत्येक चूक फळ्यावर मांडायची असते, लीडरचीसुद्धा. हुद्द्यांनी बोलत राहिलं तर कनिष्ठ गप्प बसतो. गप्प बसलेल्या कनिष्ठाकडून जे समजायला हवं होतं, ते पुढच्या उड्डाणात अपघात होऊन समजतं. आमच्या मते टोपणनावांची प्रथा टिकली ती यासाठी. मुलाला एवढंच सांगा की जे नाव मिळेल ते हसून घ्यावं. चिडलं की ते घट्ट होतं.

प्रश्न (कुलाबा) : आमच्या घरावरून नौदलाची हेलिकॉप्टरं जातात. ‘हार्पून्स’, ‘एंजल्स’ ही त्यांची कॉलसाइन आहेत का?

ही स्क्वॉड्रनची नावं आहेत. तुमच्या शेजारच्या आयएनएस शिक्रावरून, म्हणजे पूर्वीच्या कुंजलीवरून, सी किंग उडवणारी ३३० क्रमांकाची स्क्वॉड्रन ‘हार्पून्स’ आणि चेतकवाली ३२१ ‘एंजल्स’. विक्रांतवरून सी हॉक आणि नंतर विराटवरून सी हॅरियर उडवणारी ३०० क्रमांकाची स्क्वॉड्रन ‘व्हाइट टायगर्स’. हवाई दलात १७ क्रमांकाची ‘गोल्डन ॲरोज’, ४५ क्रमांकाची ‘फ्लाइंग डॅगर्स’, सेखोंची १८ क्रमांकाची ‘फ्लाइंग बुलेट्स’. ही नावं बिल्ल्यावर, विमानाच्या शेपटावर आणि मेसच्या भिंतीवर असतात. वैमानिक बदलतात, विमानं बदलतात, स्क्वॉड्रनचं नाव तेच राहतं. रेडिओवर मात्र तुकडीची ओळख उघड करणारं नाव कामगिरीच्या वेळी सोयीचं नसतं.

प्रश्न (बोरिवली) : आम्ही सहा मित्र संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर खेळतो. सगळे एकदम बोलतात आणि गोंधळ होतो. कॉलसाइन कशी निवडावीत? मराठी शब्द चालतील का?

चालतील, आणि जरूर निवडा. पण आधी रेडिओला काय ऐकू येतं ते समजून घ्या. विमानाच्या रेडिओतून आवाजाचा साधारण ३०० ते ३००० हर्ट्‌झचा पट्टाच जातो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांतला सळसळीचा भाग त्याच्या वर असतो, तो कापला जातो. उरतात स्वर आणि ‘ग’, ‘ड’, ‘ब’, ‘र’, ‘म’ यांसारखे घोष वर्ण. मराठीतला ‘क’ आणि ‘ख’, ‘प’ आणि ‘फ’ हा श्वासाचा फरक तर गोंगाटात पहिल्यांदा बुडतो. ‘खडक’ आणि ‘कडक’ हे दोन्ही शब्द इंजिनाच्या आवाजात एकच. ‘वाघ’ दिसायला रुबाबदार, पण एका अवयवाचा, म्हणजे एकाच झटक्यात उच्चारला जाणारा, शब्द असल्यानं बटण दाबताना त्याचं डोकं तुटलं की उरतो नुसता ‘आघ’. दोन किंवा तीन अवयवांचा, मोकळ्या स्वरांचा शब्द घ्या: डमरू, जटायू, मोगरा, भवानी. एकाच वेळी ‘कोब्रा’ आणि ‘मोगरा’ मात्र नकोत, कारण दोन्हींत ऐकू येतं ते ‘ओ’ आणि ‘रा’.

काही शब्द आधीच व्यापलेले आहेत. लढाऊ वैमानिकांच्या ठरीव बोलीत ‘फॉक्स’ म्हणजे क्षेपणास्त्र सोडलं. वन, टू, थ्री हे त्याचे प्रकार. ‘फॉक्स टू’ नावाचा गडी बोलायला लागला की उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र सुटलं असं बाकीचे समजतील. ‘बिंगो’ म्हणजे परतण्यापुरतंच इंधन उरलं आणि ‘जोकर’ म्हणजे त्याच्या थोडी आधीची इशाऱ्याची पातळी. ‘विंचेस्टर’ म्हणजे दारूगोळा संपला. ‘बोगी’ अनोळखी विमान, ‘बँडिट’ शत्रूचं. ‘स्पाइक’, ‘गोरिला’, ‘व्हॅम्पायर’ यांनाही असेच ठरलेले अर्थ आहेत. नेमकी हीच नावं नवख्यांना भुरळ घालतात. ती सोडून द्या.

आता चाचणी. प्रत्येकानं तीन-चार शब्द सुचवावेत, म्हणजे वीसेक होतील. एकानं एका खोलीत हेडसेट लावून बसायचं आणि शेजारी मिक्सर किंवा जुना कूलर चालू ठेवायचा. दुसऱ्यानं दुसऱ्या खोलीतून यादीतले शब्द उलटसुलट क्रमानं, प्रत्येक तीनदा, बोलण्याच्या नेहमीच्या वेगानं उच्चारायचे. ओरडायचं नाही, ओरडल्यानं आवाज फाटतो आणि शब्द आणखी बिघडतो. ऐकणाऱ्यानं ऐकू आलं तसं लिहून काढायचं. एकदाही चुकलेला शब्द बाद. मग बोलणारा बदला आणि पुन्हा करा, कारण एखाद्याच्या तोंडी स्वच्छ उमटणारा शब्द दुसऱ्याच्या तोंडी गिळला जातो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही वर्णमाला १ मार्च १९५६ पासून लागू झाली, तीही वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांवर अशाच श्रवणचाचण्या घेऊन.

सहा जणांना सहा वेगळी नावं देऊ नका. चार आणि दोन असे दोन गट करा, प्रत्येक गटाला एक शब्द द्या आणि आत आकडे द्या. आकडे इंग्रजीतच ठेवा, मराठीत ‘सात’ आणि ‘साठ’ एकमेकांत मिसळतात. इंग्रजीतही ‘टू’ घात करतो. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू ७४७ विमानाला २४०० फुटांपर्यंत उतरण्याची सूचना ‘टू फोर झिरो झिरो’ अशी मिळाली. वैमानिकांनी त्यातला पहिला ‘टू’ ‘पर्यंत’ या अर्थानं घेतला, म्हणजे ४०० फूट. विमान टेकडीवर आदळलं आणि चारही जण गेले. उंची सांगताना आकड्याआधी दुसरा कोणताही ‘टू’ येऊ देऊ नका, आणि ऐकणाऱ्यानं सूचना पूर्ण परत वाचून दाखवली पाहिजे.

शेवटचं, सगळे एकदम बोलण्याबद्दल. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबा, मग बोला, नाहीतर नावाचं पहिलं अक्षर कापलं जातं. आधी समोरच्याचं नाव, मग आपलं, मग काम. खऱ्या विमानांचे रेडिओ एएम पद्धतीचे असतात, त्यामुळे दोघं एकाच वेळी बोलले तर चिरका आवाज येतो आणि संदेश बुडाल्याचं निदान कळतं. तुमच्या ॲपमध्ये तसं होत नाही. म्हणून उत्तर आलं नाही तर संदेश पोहोचला असं कधीही धरू नका.

प्रश्न (विलेपार्ले) : ‘एअर फोर्स वन’ हे एका ठरावीक विमानाचं नाव आहे ना?

नाही, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हवाई दलाच्या ज्या विमानात बसतील त्या विमानाचं ते कॉलसाइन. आयझेनहॉवर यांचं ‘एअर फोर्स ८६१०’ आणि ईस्टर्न एअरलाइन्सचं ‘८६१०’ ही दोन विमानं एकाच हद्दीत आल्यानं घोटाळा झाला, त्यातून हे नाव आलं. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन घरी परतत असताना फोर्ड यांचा शपथविधी झाला आणि त्याच क्षणापासून उडतं विमान ‘सॅम २७०००’ झालं. प्रवासी तोच, विमान तेच, पण पद गेल्याबरोबर कॉलसाइनही गेलं.

प्रश्न (दादर) : आपल्या अंतराळवीरांची टोपणनावं काय?

राकेश शर्मा ‘रिकी’. मात्र एप्रिल १९८४ मधल्या त्यांच्या सोयुझ टी-११ यानाचं रेडिओ नाव ‘युपितेर’, म्हणजे गुरू ग्रह. सोव्हिएत पद्धतीत नाव कमांडरचं आणि बाकीच्यांना त्यापुढे आकडे. गागारिन ‘केद्र’ म्हणजे देवदाराच्या जातीचं झाड होते आणि तेरेश्कोवा ‘चायका’ म्हणजे सीगल. जून २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर गेलेले ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला ‘शक्स’ आहेत. आडनाव आखूड करण्याचीच ही रीत.

प्रश्न (परळ) : मुलगी एनसीसीच्या एअर विंगमध्ये आहे. तिला तिच्या रंगावरून नाव पाडलंय. परंपरा आहे म्हणून सहन करावं का?

अजिबात नाही. चुकीवरून पडलेलं नाव आणि जन्मानं मिळालेल्या गोष्टीवरून पडलेलं नाव यांत मोठं अंतर आहे. चूक सुधारता येते, आणि ते नाव पुढच्या वेळी सावध करतं. रंग, जात, धर्म, प्रांत, स्त्री असणं यांवरून पाडलेलं नाव माणसाला गटाबाहेर ढकलतं. मग डीब्रीफमध्ये ती तोंड उघडत नाही, आणि ज्यासाठी ही प्रथा आहे तेच साधत नाही. अमेरिकी नौदलातही वांशिक टोपणनावांच्या तक्रारी झाल्या. २०१९ मध्ये तिथे टोपणनावं तपासून कमांडिंग अधिकाऱ्याच्या मंजुरीनं देण्याचे नियम आले. २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तीन महिला लढाऊ प्रवाहात आल्या. आता मिश्र तुकड्यांतच काम करायचं आहे, त्यामुळे ही शिस्त कॅडेट असल्यापासूनच लागली पाहिजे.

मुलीनं आधी नाव पाडणाऱ्याला एकट्याला गाठून ‘हे नाव मला नको’ असं स्पष्ट सांगावं. थांबलं नाही तर तारीख, जागा आणि शब्द लिहून ठेवून असोसिएट एनसीसी अधिकाऱ्याकडे लेखी द्यावं. कॉलेजमध्ये हा प्रकार रॅगिंगविरोधी नियमांतही बसू शकतो. तुम्ही तिच्यासोबत जा.

प्रश्न (अंधेरी) : हे संवाद घरी बसून ऐकता येतात का?

नागरी विमानांचे संवाद ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झवर आणि लष्करी विमानांचे बरेचसे २२५ ते ४०० मेगाहर्ट्‌झवर चालतात. साध्या एफएम रेडिओचा पट्टा १०८ पाशी संपतो, त्यामुळे त्यावर काहीच लागणार नाही. स्कॅनर विकत घेऊन ऐकण्याच्या फंदात परवान्याशिवाय पडू नका, आणि लष्करी हालचाली ऐकून त्या समाजमाध्यमांवर टाकणं तर कटाक्षानं टाळा.